कोपरापासून बोटापर्यंत

वीस वर्षं मी पहिल्या दिवशी चाचणी घेत आले.
मागच्या इयत्तेतलं किती उरलंय ते बघायला,
असं म्हणायचे. खरं तर
वर्ग गप्प बसवायला त्याहून स्वस्त काही नाही.

या वर्षी खडूचा डबा उघडलाच नाही.
ग्वाल्हेर, लष्कर, सातवी ब,
बावन्न मुलं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो.
म्हटलं, वह्या आत ठेवा. हात बाहेर काढा.

"मॅडम, मारोगे?"
पहिल्या बाकावरच्या भदौरियाने
तळवे पुढे केलेसुद्धा.
सवय.
नाही रे बाबा, कोपर टेकव भिंतीला.
इथून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
एक हात. अशी ही भिंत मोजायची.

मग जे झालं त्याला तास म्हणत नाहीत.
चुन्याने पांढरे झालेले पंचवीस-तीस कोपर,
"सत्रह!" "बावीस!" "तू बीच में से कूदा!"
खानवलकरांची ईशा मोजता मोजता
दाराबाहेर गेली आणि मोजतच राहिली.
शर्मा सर डोकावले. "खेल का पीरियड है?"
गणित, म्हटलं.
ते गेले, पण सावकाश.

फळ्यावर नऊ वेगवेगळी उत्तरं.
भिंत एकच.
मला वाटलं होतं मजा वाटेल त्यांना.
त्यांचे चेहरे पडले.
"मॅडम, सही वाला बता दो ना."

तेव्हा मी ठेवणीतलं बाहेर काढलं.
किल्ला चढताना वाटेत ते एवढंसं देऊळ,
अख्खं एका दगडात कोरलेलं,
ज्याच्या समोरून आपण दम खात पुढे जातो,
त्याच्या भिंतीवर लिहिलंय:
बाग दोनशे सत्तर हात लांब,
एकशे सत्त्याऐंशी हात रुंद,
आणि देवाला रोज पन्नास माळा.
हजाराहून जास्त वर्षांपूर्वी.
आता मी शून्यावर येणार होते.
दोनशे सत्तरच्या शेवटचं ते इवलंसं वर्तुळ,
दगडातलं. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं मी ते वाक्य.

"माला कितनी लंबी?"
शेवटच्या बाकावरून उर्मिला कुशवाह.
ठाऊक नाही, म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं.
ती उभी राहिली. फूल बाजारात घरचं दुकान तिचं.
"हमारी अम्मा फूल नहीं गिनतीं, नापती हैं,"
आणि नसलेला दोरा तिने बोटांत धरून
कोपराला वळसा दिला, परत बोटांवर आणला.
दोन हात, एक माळ.
"पर अम्मा का हाथ छोटा है।
इसलिए ग्राहक बोलते हैं, पापा से नपवाओ।"

वर्ग हसला, मग थांबला.
फळ्यावरच्या नऊ उत्तरांकडे
सगळ्यांनी पुन्हा एकदा पाहिलं,
आता गिऱ्हाइकाच्या नजरेने.

पन्नास माळा म्हणजे शंभर हात.
हाताला किती फुलं?
"गेंदा अठरा. मोटा हो तो पंद्रह."
गेंदा तेव्हा या देशात आलाच नव्हता,
हे मला माहीत होतं. बोलले नाही.
अठराशे, बावन्न तोंडं एकदम. रोज अठराशे.
तेवढ्या बागेत निघतील?
मी ईशाकडे पाहिलं, ती गुणाकारात बुडालेली.
उर्मिलाने मान हलवली.
"गर्मी में नहीं निकलेंगे।
जून में तो हम भी बाहर से मँगाते हैं।"

घंटा झाली.
माझं शून्य राहूनच गेलं,
म्हणजे होतं फळ्यावर, अठराच्या मागे दोनदा,
कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दारात भदौरिया घुटमळला.
शर्टाच्या बाहीला चुना.
"मॅडम, कल कॉपी लानी है
कि हाथ?"